माशाचा पडदा, माझा डोळा आणि वामनराव सर

वामनराव सरांची माझी ओळख अमरावतीच्या मासळी बाजारातली. मी मासे विकायला बसलेली. सर आले आणि एकाच जातीचे दोन मासे निवडले, एक बोटाएवढा, एक हातभर. मी विळी ओढली तर म्हणाले, "मावशी, मांस राहू द्या. मले फक्त डोये पायजेत." हे करणी करतात, असं समजून मी महिनाभर तराजूखाली लिंबू ठेवलं होतं. सरांना हे आज, त्यांच्या साठीच्या सत्कारातच कळेल.

पुढे मासे पोचवायला त्यांच्या कॉलेजात जाऊ लागले. सर प्राणिशास्त्राचे मोठे प्राध्यापक, पण मला अक्षरओळख नाही म्हणून त्यांनी कधी उडवून लावलं नाही. स्टुलावर बसवून सांगायचे, की डोळ्याच्या आत पडदा असतो. माशाचा पडदा जन्मभर काठाकाठाने वाढतो. कोंबडीच्या पिल्लाचा अंड्यातच बहुतेक पुरा होतो. माणसाच्या पडद्याला नवे कण फुटणं जन्माच्या आधीच थांबतं. आणि हा पडदा गर्भात मेंदूतूनच निघतो म्हणे. हे मात्र मला पटलं नाही. आमच्या घरात डोळे सगळ्यांना आहेत.

माझ्या ध्यानात राहिला तो फक्त मासा. गेल्या वर्षी डाव्या डोळ्यात काठाकडून काळी झालर उतरू लागली, तेव्हा मी खुशीत सरांना विचारलं, "जनम मासोळी खाण्यात गेला. नवा पडदा येऊन राहिला न सर?"

सर उभेच राहिले. "मावशी, तुमी मासोळी नाही! पडदा सुटून राहिला तुमचा."

तास सोडून त्यांनी मला मिळेल त्या एस.टी.ने अकोल्याला नेलं. तिथे त्यांचे एक विद्यार्थी डोळ्यांचे सर्जन आहेत. वाटेत सर एवढंच बोलले, "माह्या शिकवण्यानं तुमचा डोया गेला असता."

"शिकवलं तुमी बरोबर," मी म्हटलं. "मीच माशांच्या रांगेत जाऊन बसली."

ऑपरेशन होईपर्यंत सर बाहेर बाकावर बसून होते. डोळा वाचला. काठाला थोडं धूसर आहे, पण सरांचा चेहरा दिसतो.

देवाने माशाला दिलं ते माणसाला काहून नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. सरांना विचारलं, तर साठ वर्षांचा एवढा विद्वान माणूस म्हणतो, "पुरतं मलेही ठाऊक नाही, मावशी."

तर सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांना ते उत्तर सापडो. फक्त मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा सरांनी जरा घाई करावी.