मागच्या सीटवरची गोधडी

ती नवी कोरी पांढरी गाडी अजून माझ्या डोळ्यापुढं उभी ऱ्हाती.

लॉकडाऊन लागला व्हता. मी तवा हवालदार, निघोज्याच्या फाट्यावर नाकाबंदीला. शाळा माझी सातवीतच सुटली. मालक पोलिसात व्हते, ते गेले, मंग त्यांच्या जागी मला घेतलं. पोरं लहान व्हती. रडत बसायला येळच घावला न्हाई. लॉकडाऊनमधी तर ड्यूटीवरनं आलं की जिन्याखालीच अंग टाकायचं आन् नातवंडं लांबनं बघायची. सगळ्या पोलिसांचं तसंच व्हतं, माझं एकटीचं न्हाई.

एक दिस ठाण्यात फोन आला. चिखलीतल्या एका सोसायटीचे चेअरमन व्हते. म्हणले, "आमच्यातला एक भाडेकरू एक दिवसाआड गाडी घेऊन कुठंतरी जातो. नंबर प्लेट नाही, काचेला नुसता टेम्पररी नंबरचा कागद. त्याचीही मुदत संपलीय. गाडी चोरीची असणार."

दुसऱ्या दिशी सकाळी तीच गाडी नाक्यावर आली. मी हात केला. आत तिशीतला माणूस, बीडकडचा. चाकणच्या कंपनीतनं रातपाळी करून निघालेला, गळ्यात पास. काचेवरचा कागद बघितला, मुदत खरंच गेलेली. गाडी बाजूला घेतली.

आमचे फौजदार साहेब आले. "काय राव, गाडी कुणाची?"

"माझीच हाय साहेब. लॉकडाऊनच्या तोंडावर घेतली. आरटीओ बंद झालं, पक्का नंबर न्हाई भेटला. सरकारनं मुदत वाढवलीय, मोबाईलवर आलंय."

"मोबाईलवर तर काढा पिऊन कोरोना जातो असंही येतं," साहेब म्हणले. "एक दिवसाआड जातोस कुठं, ते सांग."

त्यो गप. साहेबांनी फिरवून फिरवून इचारलं. मान खाली. मधीच घड्याळ बघायचा. साहेब म्हणले, "बाई, गाडी ठाण्यात लावा. हा बोलत नाही म्हणजे पाणी मुरतंय."

तसा त्यो हात जोडून म्हणला, "गाडी जमा करा साहेब, पण सांजच्याला करा. आता नका."

चोर असं बोलत न्हाई. मी गाडीचं मागचं दार उघडलं.

आमच्याकडं नवी गाडी घेतली की सीटवरचं प्लास्टिक कुणी काढत न्हाई. वर्स झालं तरी कुरूकुरू वाजत ऱ्हातं, पर सीट मळू देत न्हाईत. ह्याच्या पुढच्या दोन्ही सीटवर प्लास्टिक तसंच, दाराच्या पट्टीला बी. मागच्या सीटवरचं तेवढं फाडून काढलेलं. वर गोधडी, उशाला घडी घातलेलं लुगडं. बसणाऱ्याला प्लास्टिक चालतं. झोपणारा माणूस त्यावरनं घसरतो.

मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, मागं आजारी माणूस निजवून नेतोस ना? कोण हाय?"

तसं त्याच्या डोळ्यातनं पाणीच आलं. म्हणला, "खालच्या मजल्यावरच्या मावशी. डायलिसिस हाय त्यांचं. पोरगा ट्रेलरवर डायवर, तिकडं गुजरातेत अडकलाय. सोसायटीचा नियम, दवाखान्यात गेला त्याला परत आत न्हाई. मंग गेटवरनं येता-जाता मावशी मागं आडव्या होत्यात, मी वरनं चादर टाकतो. आज पाळी हाय. चुकली तर अंगात पाणी चढतं, श्वास कोंडतो. मावशी तयार होऊन बसल्या असतील."

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिथनंच आरटीओतल्या वळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. बोलणं झालं तसे म्हणले, "खरंय. लॉकडाऊनमधी संपलेल्या टेम्पररी नंबरांची मुदत वाढवलीय." शोरूमला इचारलं, तर गाडी बी त्याच्याच नावावर निघाली. साहेब त्याला म्हणले, "आधी का नाही बोललास रे बाबा? बाई, तुमी जा ह्याच्या संगं."

सोसायटीच्या गेटवर चेअरमन. मला बघून खूश. "सापडला ना चोर?"

"सापडला," म्हणलं. "तुमच्याच खालच्या मजल्यावरची पेशंट चोरून दवाखान्यात नेतो. मावशी, या भाईर. आज बसून जायचं."

मावशी भिंतीला धरत आल्या. तोंड सुजलेलं. चेअरमन दोन पावलं मागं सरले. "अहो, पण कोरोना..."

"कोरोना न्हाई, किडनी हाय. ती लागत न्हाई कुणाला."

वरच्या गॅलरीतनं त्यांची बायको वरडली, "अहो, उघडा की गेट! काय बघत बसलाय?"

चेअरमननी गेट उघडलं. सोताच्या हातानं.

पुढं आरटीओ सुरू झालं. एक दिस ती गाडी ठाण्याच्या दारात येऊन थांबली, पक्क्या नंबरची. आतनं पेढे घेऊन त्यो उतरला. पुढच्या सीटवर मावशी, ताठ बसलेल्या.

पोलिसात इतकी वर्सं काढली, गप बसणारा माणूस म्हंजी गुन्हेगार असंच शिकले व्हते. माणूस कुणाला तरी झाकायला बी गप बसतो, हे मला त्या गाडीनं शिकवलं. तवापासनं कुणी गप बसला की मी आधी त्याच्या पाठीमागं कोण हाय ते बघायची.

मी त्याला म्हणलं, "आता तरी काढ की रं ते पुढचं प्लास्टिक!"

मावशी आतनं हसल्या. "मीच काढू दिलं न्हाई. म्हणलं, नंबर लागू दे, मी जगले तर माझ्या हातानं काढीन."

आन् तिथंच, ठाण्याच्या दारात, त्यांनी नखानं कोपरा उचकटला आन् टराटरा प्लास्टिक वढलं.