अप्पांना ऐकू न आलेला ब्रेक

नव्वदच्या दशकात आम्ही बसवनगुडीत राहत होतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी गाडी घेतली. मी ती कॉलेजात शिकवायला जाताना नेत असे. दुरुस्ती मात्र त्यांची. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागलेला त्यांना खपत नसे.

एकदा ब्रेक लावला की मागून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. मी अप्पांना सांगितलं. ते चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आवाज वगैरे काही नाही. तुला उगीच वाटतं."

आठवडाभर हेच चाललं. ते काम टाळतायत असं वाटून मला राग यायला लागला. रविवारी सकाळी मीच त्यांच्या शेजारी बसले. बनशंकरीच्या देवळाजवळ त्यांनी ब्रेक दाबला, तशी फूटपाथवरच्या फुलवालीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय?"

ते खरंच विचारत होते. फुलवाली खिडकीपाशी येऊन कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, ब्रेक स्वल्प बघून घ्या." अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"कसा आहे आवाज?"

"बारीक, टोकदार. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा."

"तुझं बोलणं येतं मला ऐकू. इंजिनही येतं." मग ते म्हणाले, "आमच्या खात्यात यंत्रांच्या आवाजाने बहुतेकांचे कान असेच गेले. मला वाटायचं, मी सुटलो."

आठवडाभर मनात धरलेल्या रागाची लाज वाटली. ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. तू ऐक, मी बघतो."

एका रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाडी हळू चालवत पायाने ब्रेक न लावता हँडब्रेक अलगद ओढला. तोच आवाज आला. मी मान हलवली. "म्हणजे मागचाच," ते म्हणाले. "हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो." मग मला खाली उतरवून गाडीबरोबर चालायला लावलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. आवाज डाव्या चाकातून येत होता.

घरी येऊन पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावला, डावं चाक काढलं. त्यामागचा ब्रेकचा ड्रम अडकून बसला होता. लाकडी हातोडीने गोल गोल ठोकल्यावर सुटला. आत काळी भुकटी साचली होती. मी फुंकर मारणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "फुंकायचं नाही, छातीत जाते ती." त्यांनी ओल्या फडक्याने ती पुसून घेतली. ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूंचं लायनिंग, म्हणजे त्यांच्यावरचा घासणारा थर, अजून जाड होतं, पण काचेसारखं चकचकीत झालेलं. शू मागच्या पत्र्यावर जिथे घासतात त्या जागा कोरड्या पडून गंजल्या होत्या. ते त्यांनी बघायच्या आधी बोटानेच ओळखलं.

त्यांनी लायनिंगवर पॉलिश पेपर फिरवला, गंज खरवडला आणि त्या जागांना नखभर ग्रीस लावलं. लायनिंगला ग्रीसचा डाग लागू नये म्हणून दर वेळी बोट पुसत होते. उजव्या चाकाची तक्रार नव्हती, तरी तेही उघडून तसंच साफ केलं.

संध्याकाळी चक्कर मारली. ब्रेक लावला की दर वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत. आवाज गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकना थोडा आला, तेही मी सांगितलं. "रात्रीच्या दमटपणाने होतं," ते म्हणाले. "तेवढं चालेल."

पंधरा दिवसांनी ते माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे आले. यंत्र मिळालं, पण कुकरची शिटी सहन होत नाही म्हणून ते बहुतेक वेळ कपाटातच राहिलं. पुढच्या वर्षी लायनिंग बदलायची वेळ आली, तेव्हाही गाडी गॅरेजला गेली नाही. चाक फिरवताना काही घासतंय का ते ऐकायला त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि ते कामाला लागले.