साळवेसाहेबांचा पहिला बाक

साळवेसाहेब देवाशी बोलतानाही आधी हुद्दा सांगत. रविवारच्या उपासनेत कुणीतरी उठून प्रार्थना करायची अशी आमच्या चर्चच्या मंडळीत रीत होती, आणि पाळी कुणाचीही असो, उठत साळवेसाहेबच. सफारीच्या खिशातली पेनं सारखी करायची, खाकरायचं, डोळे मिटायचे आणि सुरू: “हे स्वर्गीय पित्या, मी दाऊद बळवंत साळवे, डेप्युटी मॅनेजर, इस्टेट विभाग, तुझ्यापुढे नम्रपणे उभा आहे.” नम्रपणे! मी गीतांना पेटी वाजवायची, तिच्यामागे बसून ओढणीचा बोळा तोंडात कोंबत असे. स्वर्गातल्या कारकुनाने फाइल चुकीच्या टेबलावर पाठवू नये म्हणून माणूस केवढी काळजी घेई!

तेव्हा भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्यासारखी महाराष्ट्रातून बदलून आलेली थोडीच ख्रिस्ती घरं होती. गीतं मराठी, उपदेश हिंदी आणि भांडणं दोन्ही भाषांत, अशी आमची मंडळी. पंथाने आम्ही प्रेसबिटेरियन. आमच्यात बिशप नसतो. मंडळी आपल्यातलीच काही माणसं निवडते, त्यांना ‘वडील’ म्हणतात, आणि त्यांनी सगळ्यांशी विचारविनिमय करून कारभार पाहायचा असतो. बिशप नको म्हणून आमच्या पूर्वजांनी परदेशात म्हणे मोठमोठी भांडणं केली. आम्ही मात्र इंद्रपुरीच्या बाजूला चर्च बांधलं आणि पहिल्याच झटक्यात साळवेसाहेबांना डोक्यावर बसवून घेतलं. कारण उघड होतं. टाउनशिपमध्ये क्वार्टर कुणाला मिळणार, गळकं छत कधी दुरुस्त होणार, चुना कुणाच्या घराला आधी लागणार, हे सगळं त्यांच्या हातात होतं. त्यांना वडील निवडलं त्या वर्षी मंडळीतल्या बहुतेक घरांना रंग लागला. आमच्यासुद्धा.

“मंडळी मी उभी केली असं मी कधीच म्हणत नाही,” असं ते दर वर्धापनदिनाला म्हणत. “मी कोण? मी नुसतं निमित्त. पण निमित्त तरी कुणीतरी व्हायलाच हवं ना!” मग मंडळीचा प्रारंभीचा इतिहास सांगायला घेत. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: “मी पाटोळ्यांच्या क्वार्टरात पाऊल ठेवलं, आणि या मंडळीचा पाया घातला गेला.”

ते पाऊल कसं पडलं, हे माझ्या आईने डोळ्यांनी पाहिलेलं. पाटोळेकाका कारखान्यात वेल्डर. त्यांची बायको सगुणामावशी कोल्हापूरकडची, धिप्पाड, आणि गळा असा की शेजारच्या ब्लॉकमधलं पोर दचकून जागं व्हावं. जुन्या शहरातलं चर्च लांब पडतं म्हणून रविवारी ती चार घरांना आपल्या टाइप वनच्या, म्हणजे सगळ्यांत लहान क्वार्टरच्या, एवढ्याशा खोलीत बोलवायची. गाणी, प्रार्थना, आणि मागच्या शेगडीवर सगळ्यांसाठी मटण. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली. साळवेसाहेब आले ते तक्रार घेऊन! दारात उभे राहून म्हणाले, “पाटोळेबाई, राहायच्या क्वार्टरात सभा भरवता येत नाही. हे आजपासून बंद.”

मावशी म्हणाली, “करू की बंद. पण गाणं अर्ध्यात सोडू नये साहेब. तेवढं कडवं होऊ द्या.”

कडवं झालं, मग दुसरं झालं, तोवर मटण शिजलं. वासाने साहेबांचा कायदा जरा मऊ पडला. “मीसुद्धा आपल्यातलाच आहे म्हणा,” असं म्हणत त्यांनी बूट काढले. दोनदा रस्सा मागून घेतला. आई सांगायची, “जाताना बंदचं नाव नाही. उलट म्हणाले, पुढच्या रविवारी जरा लवकर ठेवा, मला दुपारी झोपायची सवय आहे.” हा आमच्या मंडळीचा पाया! जो माणूस ती मोडायला आला होता, तो जेवून उठला आणि संस्थापक झाला.

पुढे टाउनशिपकडून जागा मिळाली. पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी राबून भिंती चढवल्या. कारखान्यात यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्यांचे बाक केले. रंध्याने घासूनही काही अक्षरं गेली नाहीत. आमच्या बाकावर ‘इधर से उठाएँ’ असं होतं आणि वडील सभेच्या बाकावर, माझ्या अपार आनंदासाठी, ‘सावधान, भारी सामान’. सर्वांत पुढचा बाक तेवढा सागवानी. त्यावर कोण बसणार हे वेगळं सांगायला नको.

पण साहेबांना एकट्याने पुढे बसून समाधान नव्हतं. बाकीचेही आपापल्या जागी हवेत. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, “शिस्त हवी. जो तो हवा तिथं बसतो, हे देवाच्या घराला शोभत नाही. यापुढं बसायची व्यवस्था क्वार्टरच्या टाइपप्रमाणं राहील.” म्हणजे टाइप फाइव्हचे बंगलेवाले पुढे, त्यामागे टाइप फोर, आणि असं करत करत टाइप वनचे वेल्डर, फिटर, हेल्पर पार शेवटी. दारात खंडागळे नावाचे गरीब स्वभावाचे गृहस्थ जागा दाखवायला उभे केले.

तुम्हाला वाटेल, लोक हसले असतील. छे! आम्हा टाउनशिपच्या माणसांना हे इतकं स्वाभाविक वाटलं की आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच सगळ्यांना नवल. शाळेच्या बसपासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत आमचं आयुष्य टाइपनेच चालायचं. देवाला त्यातून सूट का? बाबांना बढती मिळून आम्ही टाइप थ्रीत गेलो, तेव्हा आई नवी साडी नेसून एक बाक पुढे सरकली आणि घरी येईपर्यंत साळवेसाहेबांना नावं ठेवत होती. “मेला स्वतःला समजतो कोण!” असं म्हणताना तिचा चेहरा कसा फुलला होता! मी पेटीवाली. पेटी एका कडेला, सगळ्यांकडे तोंड करून. मला टाइप नव्हता आणि तमाशा मात्र पहिल्या रांगेतून दिसायचा.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस घेण्याचाही, क्रम तोच. द्राक्षरसाचे छोटे पेले भरलेलं तबक पुढून निघायचं आणि अंदाज हटकून चुकायचा. मागच्या बाकापर्यंत यायचे ते रिकामे पेले. सगुणामावशी ते तबक नाकाशी धरून म्हणायची, “आम्हाला वासावर मोक्ष.”

मग पाटोळेकाका आजारपणात गेले. नियमाप्रमाणे मावशीला क्वार्टर सोडावं लागणार होतं. तिने फक्त नाताळपर्यंत मुदत मागितली. लेकीची परीक्षा तोवर संपणार होती. रविवारी चर्चच्या पायरीवर तिने साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, “पाटोळेबाई, इथं मी इस्टेट ऑफिसर नाही, मंडळीचा वडील आहे. ऑफिसात या.” सोमवारी ती ऑफिसात गेली. साहेब म्हणाले, “इथं मी मंडळीचा वडील नाही. नियम सगळ्यांना सारखा.” दोन खुर्च्या, आणि दोन्हींवर हाच माणूस! इतकी सोय येशूला क्रुसावर पाठवून हात झटकणाऱ्या साक्षात पिलातालाही नव्हती, त्याला निदान हात धुवायला पाणी तरी मागवावं लागलं.

मावशीने इंद्रपुरीत एक खोली घेतली. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी टाइप वनच्या बाकावर येऊन बसली. साहेब मागे चालत आले, तिच्याजवळ वाकले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, “क्वार्टर सोडलंत ना? मग हा बाक आता तुमचा कसा?”

ज्या बाईच्या शेगडीवर ही मंडळी शिजली, तिला बसायला बाक नाही! मावशीने वर पाहिलं, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणी गीतांचं पुस्तक उघडलं, कुणी पोराचं नाक पुसलं. माझे बाबा छताकडे बघत होते. ती उठली आणि दाराशी, चपला काढायच्या जागेजवळ सतरंजी टाकून बसली. त्या दिवसापासून तिची जागा तीच.

मात्र एक गंमत झाली. तिचा गळा तिच्याबरोबर दाराशी गेला. गाणं आता मागून उठायचं आणि पुढच्या बाकांना त्याच्या मागून फरपटत जावं लागायचं. उशिरा येणारे, तान्ह्या पोरांच्या आया, नवीन आलेले, सगळे त्या सतरंजीवर टेकू लागले. तिथे कुणी टाइप विचारत नसे, दारातून वारा येई, आणि मावशीच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू असत.

आणि मग, महाराज, साळवेसाहेब निवृत्त झाले!

कारखान्याने हार घातला, शाल दिली आणि क्वार्टर मागितलं. साहेबांनी शाहपुऱ्यात तलावाच्या बाजूला घर बांधलं होतं, तिकडे गेले. त्यांच्या जागी जबलपूरहून आले मसीहसाहेब, वयाने तरुण, स्वभावाने सरळ, आणि योगायोगाने आमच्याच पंथाचे. पहिल्याच रविवारी ते बायको, मुलं आणि सासू घेऊन वेळेवर हजर झाले. खंडागळ्यांनी टाइप विचारला आणि त्यांना नेऊन सागवानी बाकावर बसवलं. वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण! बिचाऱ्याचा काय दोष?

साळवेसाहेब नेहमीप्रमाणे पहिलं गीत सुरू झाल्यावर आले. सगळ्यांनी आपल्याला येताना पाहावं म्हणून ते कायम तेव्हाच येत. आज खरोखरच सगळ्यांनी पाहिलं. बाकाशी येऊन ते खाकरले. मसीहसाहेब चटकन उठले, “अरे अंकल, आप बैठिए ना, हम लोग पीछे चले जाते हैं.”

तेवढ्यात खंडागळे धावत आले. घाबरून कुजबुजले, पण गीताचं कडवं नेमकं तेव्हाच संपलं होतं. “साहेब, तुम्ही आता शाहपुऱ्यात ना? क्वार्टर सोडलंत ना?”

मी काय केलं असेल? शेवटचं कडवं पुन्हा घेतलं. मग पुन्हा घेतलं. असा प्रवेश अर्धवट संगीतावर संपवणं मला बरं वाटेना. साहेब वळले आणि मागे चालू लागले. टाइप फोरच्या बाकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय पसरले. टाइप थ्रीत माझे बाबा पुन्हा छत बघत होते, आईने मात्र पर्स शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवली. टाइप टू गेला, टाइप वन गेला. बाक संपले.

दाराशी सगुणामावशीने दोन चपला बाजूला सारल्या. “या साहेब. टेका.”

साहेब सफारी सावरत सतरंजीवर बसले. गुडघे वाकता वाकेनात. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. तबक पुढून निघालं, एकेक बाक घेत मागे आलं, आणि साळवेसाहेबांपुढे थांबलं तेव्हा त्यात नुसते रिकामे पेले होते. मावशीने तबक त्यांच्या नाकाशी धरलं. म्हणाली, “वास घ्या साहेब. होते सवय.”

इथे एखादा माणूस बदलला असता. साळवेसाहेब बदलले नाहीत, त्यांनी इतिहास बदलला. पुढच्या रविवारी ते उठले. प्रार्थनेत “मी दाऊद बळवंत साळवे” इथवर आले, थोडे अडखळले, “निवृत्त” म्हणाले आणि पुढे डोळे उघडून भाषणच केलं: “बंधुभगिनींनो, देवाच्या घरात टाइप कसले? हा भेदभाव मला बघवत नाही. आजपासून जो तो हवा तिथं बसेल.” आणि आमची मंडळी! त्यांनी टाळ्या वाजवल्या! दोघी-तिघींनी डोळे पुसले. पुढच्या वर्धापनदिनापासून प्रारंभीच्या इतिहासात नवं वाक्य आलं: साळवेसाहेबांनी मंडळीत समता आणली. भेदभाव कुणी आणला होता, हे सांगायचं राहूनच गेलं.

साहेबांना पहिला बाक परत मिळाला. मसीहसाहेब तर साहेब दाराशी बसले त्याच दिवशी लेकरं घेऊन सतरंजीवर आले होते. पण आता हवं तिथं बसायची मुभा होती, आणि हवं तिथं म्हणजे मागे, हे लोकांना ठाऊक झालं होतं. आधी टाइप थ्रीवाले सरकले, मग फोर. माझी आईसुद्धा गेली, लाडवांसाठी. बाकसुद्धा मागे ओढले गेले. साळवेसाहेब पुढे एकटे, ताठ बसायचे. मध्येच मान वळवून बघायचे. पण मागे जाऊन बसावं, असं मात्र त्यांना मरेपर्यंत सुचलं नाही.

ते गेले तेव्हा मंडळी लोटली होती. शवपेटी पुढे, सागवानी बाकासमोर ठेवली. उपासना चालवणारे पाळकसाहेब नवीन होते. म्हणाले, “पुढं या, जागा आहे.” कुणी हललं नाही. द्वेष म्हणून नव्हे, आम्हाला आता तिथे बसायची सवयच उरली नव्हती. दाराशी माणसावर माणूस, आणि पुढे सगळे बाक मोकळे.

“या ना पुढं,” पाळकसाहेब पुन्हा म्हणाले. “त्यांना एकटं का ठेवता?”

दाराशी बसलेली सगुणामावशी, आता पांढऱ्या केसांची, म्हणाली, “असू द्या पाळकसाहेब. त्यांना पुढंच आवडायचं.” आणि तिने गीत उचललं. मी पेटीवर बोटं ठेवली.

मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. म्हणाले, “हे पित्या, तुझा सेवक दाऊद तुझ्याकडे येत आहे.” बस, एवढंच. हुद्दा नाही, विभाग नाही. वर कुणी ओळखलं असेल की नाही, देव जाणे.