तीन हजार दुवे

धाकटा पेशानं मुद्रितशोधक. छापखान्यात तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःची एक चूक मात्र त्यानं पाच महिने झाकून ठेवली, तीही सख्ख्या बहिणीपासून.

ताई बूट बनवायची. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, अशांसाठी. तिचा स्वतःचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड, त्यामुळे कुठे बोचतं आणि कंबर कधी धरते हे तिला कोणी सांगावं लागत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि खिडकीखालच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे. आलेला माणूस तासभर बोलत बसायचा. "आपल्याला पळता येत नाही," ती हसून म्हणायची, "मग जीभ पळवायची."

तिची वेबसाइट धाकट्यानं केली होती. मजकूर सोपा, फोटो तिच्या हातांचे. एका हाडांच्या दवाखान्यानं आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी आपापल्या साइटवर ताईच्या पानाचा दुवा, म्हणजे लिंक, दिला होता. जाणत्यानं बोट दाखवलं की सर्च इंजिनही त्या घराला मान देतं. ‘आखूड पायासाठी बूट’ असं शोधलं की पहिलं नाव ताईचं.

मग एका मोठ्या दुकानाची साइट आली आणि ताई दुसऱ्या नंबरावर गेली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. धाकट्याला मात्र झोंबलं. नेमकं तेव्हाच त्याला एका अनोळखी कंपनीचं पत्र आलं: आठवड्यात तीन हजार साइटवरून दुवे देतो, पुन्हा पहिले याल. एरवी स्वल्पविरामासाठी लेखकाशी भांडणारा हा माणूस, पण त्या तीन हजार साइट कुठल्या, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. ताईलाही न विचारता पैसे भरून टाकले.

तीन आठवडे ताई खरोखर पहिली आली. मग एका सकाळी सर्च कंपनीची सूचना आली, की या साइटकडे विकतचे, बनावट दुवे येतात, म्हणून तिला शोधात खाली ढकललं आहे. धाकट्यानं तेव्हा प्रथम ती यादी उघडली. जुगाराच्या साइट, केस वाढवणारी तेलं, अर्थ लागू नये अशी पानंच्या पानं, आणि प्रत्येकावर ताईचा पत्ता. ढवळ्याशेजारी पवळ्याला त्यानंच नेऊन बांधलं होतं. आता ताईचं नाव दहाव्या पानावरही सापडेना.

खरं तर त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण ताईनं जेवताना विचारलं, "हल्ली कोणी येत नाही रे, काय झालं असेल?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "लोक हल्ली असलं शोधत नाहीत, ताई. तयार बूट घेतात." तिनं मान हलवली आणि पुढे काहीच विचारलं नाही. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं.

पाचव्या महिन्यात ताईनं मशीन आणि सगळे साचे एका प्रशिक्षण शाळेला देऊन टाकले. टेम्पोत साचे चढवायला धाकटाच होता.

चार दिवसांनी दुपारी एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दारात उभी राहिली. कोणाकोणाला विचारत ती इथवर पोचली होती. "इंटरनेटवर तुमचं नावच येत नाही," ती म्हणाली. "आम्ही समजलो, तुम्ही काम सोडलं." दरम्यान मुलीला दुकानातले बूट घातले होते आणि तिची पाठ दुखायला लागली होती. ताईनं रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं. मग मुलीला बसवून पायाचं माप घेतलं आणि तो कागद देऊन त्यांना शाळेकडे पाठवलं.

त्या गेल्यावर धाकट्यानं सगळं सांगितलं. सूचनेचं, यादीचं आणि जेवतानाच्या त्या वाक्याचंही. ताईनं मापाची पट्टी गुंडाळून ठेवली.

"नाव गेलं त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझा हात गेला. आधीच्या बुटांत काही चुकलं असेल, म्हणून लोक तोंड फिरवतात. पाच महिने मी एकेक जोड आठवत बसले."

त्याच रात्री धाकट्यानं ती यादी पुन्हा उघडली.

पुढचे दोन महिने तो त्या साइटवाल्यांना दुवे काढायला सांगत बसला. बहुतेकांनी दाद दिली नाही. उरलेल्यांची यादी करून ‘हे आमचे धरू नका’ असं त्यानं सर्च कंपनीला कळवलं आणि चूक लेखी कबूल केली. पहिला अर्ज त्यांनी नाकारला, दुसऱ्या खेपेला शिक्षा उठवली. साइट हळूहळू वर आली, पहिल्या पानाच्या तळापर्यंत.

मशीन परत मागायला ताईनं नकार दिला. शाळेतली पोरं त्यावर शिकायला लागली होती. आठवड्यातून दोनदा ती तिथे शिकवायला जाते. धाकट्याशी बोलते, पण कामाचं काही त्याला विचारत नाही. साइटवर रोज एखादं पत्र येतं, आणि धाकटा छापखान्यात जाण्याआधी त्याला उत्तर लिहितो: ताई आता बूट करत नाहीत, शाळेचा पत्ता सोबत दिला आहे. पाठवण्याआधी ते दोनदा तपासतो.