सुनीता आज बुटीक सोडून गेली

मैत्रिणींनो, आज सकाळी फुलचूरच्या माझ्या बुटीकमध्ये सुनीता आली, पण मशीनवर बसलीच नाही.

"ताई, मी तिरोड्याले स्वतःचं दुकान टाकून राहिली."

सहा वर्षांपासून ती माझी सगळ्यात चांगली कारागीर. मी चिडलेच. "लग्नसराईच्या तोंडावर? आताच काऊन?"

"कवापासून सांगाचं होतं ताई. हिंमतच होत नव्हती."

ते ऐकून मला माझे शिकण्याचे दिवस आठवले. आठ वर्षांची असताना मी शेजारच्या काकींकडे उशांचे अभ्रे शिवायला शिकले. पुढे ब्लाउजही त्यांनीच शिकवले. पण मी स्वतःचं बुटीक उघडलं तेव्हा त्या आल्या नाहीत. आजही रस्त्यात दिसल्या की मान वळवतात. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दुपारी मी सुनीताला लेहंग्यांचे माझे सगळे कागदी पॅटर्न दिले. तिला रडू आलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तिरोड्याच्या बायांच्या मापाची वही?"

तेवढी मात्र मी दिली नाही. तिरोड्याहून माझ्याकडे येणारी ती गिऱ्हाइकं मी एकेक करून जमवली आहेत. "बरं ताई," म्हणून ती माझ्या पाया पडली आणि गेली.

मी चूक केली असं वाटत नाही, पण चैनही पडत नाही. तुम्ही दिली असती का ती वही?