हेडर बंद

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या आमच्या बायकांच्या फुटबॉल टीमला कुणी कोच मिळत नव्हता. सगळ्या पस्तिशीच्या पुढच्या, कुणाला पोरांची शाळा, कुणाला शिफ्ट. मी वसईला चर्चच्या मैदानात भावांबरोबर खेळत वाढले, म्हणून इथेही डिफेन्सला उभी राहायचे. एका सीझनला साठी उलटलेला एक अर्जेंटिनाचा माणूस आपणहून आला. चिली, ग्रीस, इंडोनेशिया, मधे एक सीझन कोलकाता, असं आधी खेळाडू, मग टीमचा मॅनेजर म्हणून फिरत तो सिडनीला पोचला होता. कुठे कप जिंकला, कुठे नोकरी गेली, की पुन्हा बॅग भरायची. मी भारतातली म्हटल्यावर हसून म्हणाला, "चलो, चलो!"

पण पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितला. "हेडर बंद. बॉल डोक्याला लागता कामा नये." आम्ही हसलो, तो हसला नाही. नवल म्हणजे तो स्वतः हेडरसाठीच नावाजलेला डिफेंडर होता.

एकदा सवयीने मी उंच आलेला बॉल डोक्याने परतवला. शिट्टी वाजली. तो धावतच माझ्यापाशी आला, चेहरा पांढरा पडलेला.

"आज वार कोणता?"

"गुरुवार, कोच."

"नक्की?"

"नक्की."

तो "गुरुवार, गुरुवार" पुटपुटत राहिला. डोक्याला मार लागलाय का म्हणून माझी परीक्षा घेतोय असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, वार त्यालाच हवा होता.

त्यानंतर माझं लक्ष जायला लागलं. मैदानात मांडून झालेले प्लास्टिकचे कोन तो उचलायचा आणि तसेच पुन्हा मांडायचा. आमच्या पंजाबी गोलकीपरशी मधेच स्पॅनिशमध्ये बोलायचा. ती लाजून "नो वरीज, कोच" म्हणायची.

प्रॅक्टिसनंतर तो मला घरी सोडायचा. एका संध्याकाळी गाडी माझ्या वळणावर वळलीच नाही. शेजारच्या स्कोफिल्ड्सची नवी घरं मागे पडली, रस्त्याचे दिवे संपले, दोन्ही बाजूंना कुंपणं आणि अंधारत चाललेलं गवत.

"कोच, आपण कुठे चाललोय?"

"स्टेडियमला. बस थांबलीय."

आवाज अगदी शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली. मी हळूच म्हटलं, "जरा बाजूला घ्या ना, मला मळमळतंय." त्याने गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. तो म्हणाला, "माझ्याबरोबर डिफेन्सला दोघं होते. एक रोज सकाळी बायकोला विचारतो, आज मॅच कुणाशी. दुसरा आता काहीच विचारत नाही." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मी तिसरा."

"तुम्ही इकडे बसा," मी म्हटलं आणि त्याच्या घरापर्यंत गाडी मीच चालवली.

त्याची बायको ग्रीक, तिथे खेळत असतानाच भेटलेली. दार उघडताच तिने आधी माझ्या हातातली किल्ली पाहिली. मग किल्ली घेतली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. "डॉक्टरांनी सांगितलंय, हेडर घेऊन घेऊन विसर पडायला लागलाय," ती म्हणाली. "पण मैदान बंद केलं तर तो लगेच संपेल, म्हणून गप्प राहिले."

टीमला मी सगळं सांगितलं. उरलेला सीझन आम्ही आळीपाळीने त्याला आणलं, सोडलं. हरलो फार. वर आलेले बॉल आम्ही डोक्यावरून जाऊ द्यायचो, आणि समोरच्या बायका गोल करून आम्ही वेड्या असल्यागत आमच्याकडे बघायच्या. पुढच्या वर्षी तो आला नाही.

परवा भेटायला गेले होते. तो खिडकीशी बसला होता, बाहेर गरम वारा सुटलेला. मला त्याने ओळखलं नाही, पण जागा करून दिली. मग बायकोला विचारलं, "हा कोणता देश?"

"ऑस्ट्रेलिया."

"कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत म्हणाली, "या वेळी लांब मुदतीचं आहे."

त्याने मान डोलावली आणि बॅग कुठे आहे ते विचारलं.