ओला पुठ्ठा

बाटलीला नाक लावणं ताईंना कधीच मंजूर नव्हतं. बाटली हातभर लांब धरायची, मोकळ्या हाताने वास तीनदा आपल्याकडे ओढायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा. नाकाला विचारते."

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात साबणात आणि अगरबत्तीत घालायचे सुवास बनतात. ताई लॅबमध्ये, मी डिस्पॅचला. खोकी बांधणारा माणूस. ताईंनी मान हलवली की मगच माल गाडीत चढायचा. एकदा मी उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून घेतलेला कोरा शर्ट घालून ऐटीत कामावर आलो, तर दारातूनच म्हणाल्या, "डांबरगोळ्यांत वर्षभर पडलेला माल गळ्यात मारला की रे तुझ्या!" अहो, शर्टाची घडीसुद्धा नीट मोडली नव्हती.

ते नाक कोविडने नेलं. ताप चार दिवसांत उतरला, वास काही परतला नाही. काही महिन्यांनी परतला तोही वाकडातिकडा. मोगऱ्याला जळक्या रबराचा वास, चहाला रॉकेलचा. बदलापूरच्या घरी आमटी करपून कोळसा झाली, ताई शेजारी उभ्या होत्या, पत्ताच नाही. लॅबमध्ये त्यांनी चांगला गुलाब नापास केला, तेव्हा शेठनी त्यांना बोलावून घेतलं. शेठ सिंधी, मनाचे चांगले. म्हणाले, "ताई, थोडे दिन आराम करो. डिस्पॅच बघा तुम्ही, तिकडे टेन्शन नाही."

ताई "बरं" म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसून लेबलं चिकटवू लागल्या. वीस वर्षं लॅब गाजवलेली बाई आणि लेबलं! मला असा संताप आला, पण सांगतो कुणाला?

जेवणाच्या सुट्टीत त्या पर्समधून चार कुप्या काढायच्या. लवंग, लिंबू, कापूर, गुलाब. डोळे मिटून म्हणायच्या, "दे कुठलीही." सुरुवातीला सगळी उत्तरं चूक. एकदा कापराला त्या लवंग म्हणाल्या आणि मला काही राहवलं नाही, "बरोब्बर!" म्हणून टाकलं.

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "नाक गेलंय माझं, कान नाही. पुन्हा खोटं बोललास तर डब्यातली सुकट मिळायची नाही."

वर्ष-दीड वर्ष हे चाललं. हळूहळू चारही कुप्या ओळखू यायला लागल्या. पण चार कुप्यांवर कोण लॅबमध्ये परत घेतो? ते विचारायची हिंमत ताईंना होत नव्हती, आणि मलाही.

मग एका जानेवारीत शेठनी सहल काढली, नाशिककडच्या डोंगरातल्या द्राक्षमळ्यात. उतारावर वेलींच्या रांगाच रांगा, झकास थंडी. मळ्याचा मालक उत्साहाने सांगत होता, इथे रात्री गार असतात म्हणून द्राक्षाचा आंबटपणा टिकतो आणि वाईनला तरतरी येते. आमचं अर्धं लक्ष पेल्यांकडे. तुम्ही असता तर तुमचंही तिकडेच असतं.

शेवटी त्याने बाटली उघडून पांढरी वाईन ओतली. शेठ म्हणाले, "वाह, एकदम फ्रेश!" मग सगळेच फ्रेश, फ्रेश करू लागले. मीही म्हणालो, मला काय कळतंय! ताई दारूला शिवत नाहीत, पण पेला त्यांनी घेतला आणि हातभर लांब धरला.

"मॅडम, नाक आत घाला, आत!" मालक हसला.

"थांबा. नाकाला विचारते." तीनदा हात हलला. डोळे बराच वेळ मिटलेले. "ओला पुठ्ठा."

लॅबमधल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. शेठ हळूच म्हणाले, "ताई, राहू दे ना." मला वाटलं, झालं, पुन्हा तेच जळकं रबर! ताईंचा चेहरा पडला, पण पेला काही खाली येईना.

"भिजलेल्या खोक्याचा वास आहे, शेठ. दीड वर्ष खोक्यांतच बसवलंय ना तुम्ही मला? मग हे तरी मला शिकवू नका."

मालकाने आपला पेला हुंगला. पुन्हा हुंगला. मग टेबलावरचं बूच उचलून नाकाशी धरलं आणि कानाला हात लावला. "मॅडमचं खरं आहे. बूच खराब निघालं. क्वचित निघतं, आणि मग वाईनला नेमका हाच वास लागतो. इतका बारीक, की माझ्याही नाकाखालून निसटला."

त्याने नवी बाटली उघडली. ताईंनी एकदा हात हलवला, दोनदा हलवला, तिसऱ्यांदा तो वरच राहिला.

"कच्चा पेरू," त्या म्हणाल्या. "लिंबाची साल. आत्ता कापलेलं गवत. अगं बाई, आलं की सगळं!" आणि भर मळ्यात रडायला लागल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. शेठनी टाळ्या वाजवल्या, मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. त्यांचा पेला मीच संपवला. कैरी चावल्यासारखी गालफडं आवळली. असली चव पुन्हा मिळाली नाही.

सोमवारी शेठ स्वतः डिस्पॅचला आले. "चलो ताई. लॅबमध्ये तुमची खुर्ची तशीच आहे."

"एवढं खोकं बांधून येते," ताई म्हणाल्या. आणि खरंच बांधून मग गेल्या.

त्यांना रिटायर होऊन आता वर्ष होईल. खुर्चीवर नवी मुलगी बसते, तीही बाटली हातभर लांब धरते. समोरच्या फळीवर घट्ट झाकणाची बरणी आहे. तिच्यात ते बूच, ताईंनी मालकाकडून मागून आणलेलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती हुंगायला देतात. मीही अधूनमधून हुंगतो, शप्पथ काही येत नाही. बरणीवर माझ्याच डिस्पॅचचं लेबल आहे, त्यावर ताईंचं ठसठशीत अक्षर. ते मात्र दरवेळी वाचतो:

"चूक याची होती. माझी नव्हती."